अनलिमिटेड ब्रॉडबँडची अट: डेटा स्वतः मोजा, गळती शोधा

‘अनलिमिटेड’ या शब्दाच्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी असते. तीच चांदणी पानाच्या तळाशी शोधली की खरा प्लॅन सापडतो: अमुक जीबीपर्यंत जाहिरातीतला वेग, त्यानंतर महिना संपेपर्यंत १ किंवा २ एमबीपीएस. नेट बंद पडत नाही आणि जादा बिलही येत नाही, म्हणून कंपनीच्या हिशेबी ते अनलिमिटेड. या अटीचं नाव फेअर युसेज पॉलिसी, बोलण्यात एफयूपी. काही कंपन्या तिला ‘कमर्शियल युसेज पॉलिसी’ म्हणतात. घरच्या जोडणीवर धंदा चालवू नका, असा तिचा सूर. पण तुमच्या घरात दुकान नसलं तरी मीटर पळतोच.

ही मर्यादा पूर्वी फारच तोकडी होती. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओ फायबर सुरू झालं तेव्हा ६९९ रुपयांच्या प्लॅनमध्ये १०० जीबी आणि वर ५० जीबी बोनस मिळायचा. वर्षभरात, सप्टेंबर २०२० मध्ये, ३९९ रुपयांपासूनच्या प्लॅनना ३३०० जीबी लागू झाले आणि बाकीच्यांनाही त्याच आकड्याकडे यावं लागलं. आज मोठ्या कंपन्यांच्या घरगुती फायबर प्लॅनमध्ये ३३०० जीबी सर्रास दिसतं. छतावर अँटेना लावून मिळणाऱ्या एअरफायबरवर मात्र मर्यादा बहुधा १००० जीबीच असते. वायर कुठली, छत्री कुठली, याकडे न पाहता ‘दोन्ही १०० एमबीपीएसच’ म्हणून जोडणी घेणारे इथेच फसतात.

वेग आणि कोटा यांची गल्लत

वेग बिटमध्ये सांगतात, कोटा बाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने चालली तर सेकंदाला साडेबारा एमबी आणि तासाला ४५ जीबी खेचते. ३३०० जीबी संपायला तिला जेमतेम ७३ तास पुरतात. ३०० एमबीपीएसवर हेच काम साधारण साडेचोवीस तासांत होतं आणि १ जीबीपीएसवर सव्वासात-साडेसात तासांत. वेग वाढवून घेतला आणि कोटा तोच राहिला, तर तुम्ही मोठा नळ विकत घेतलाय, टाकी नाही.

रोजच्या हिशेबाला सोपा आकडा लक्षात ठेवा: ३३०० भागिले ३० म्हणजे दिवसाला ११० जीबी. दहाव्या दिवशी १,१०० आणि विसाव्या दिवशी २,२०० च्या आत असाल तर काळजी नाही. १००० जीबीवाल्यांना दिवसाला ३३ जीबी मिळतात, आणि तिथे खरोखर हात आखडता घ्यावा लागतो.

मर्यादा का ठेवतात? जीपॉन (एका फायबरवरून अनेक घरांना जोडणी देण्याचं) तंत्राच्या फायबरमध्ये कंपनीच्या एका पोर्टवर सुमारे २.५ जीबीपीएस डाउनलोड आणि १.२५ जीबीपीएस अपलोड असतो. तो स्प्लिटरने, म्हणजे एका फायबरच्या अनेक शाखा करणाऱ्या तुकड्याने, ३२, ६४, कधी १२८ घरांत वाटला जातो. सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत या भरवशावर ‘१०० एमबीपीएस’ विकता येतात. एकाने लाइन रात्रंदिवस भरलेली ठेवली, किंवा एका जोडणीवर अख्खं पीजी चालवलं, की तो भरवसा मोडतो. इथवर कंपनीचं म्हणणं रास्त आहे. अट बारीक अक्षरांत लपवणं रास्त नाही.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत सहसा येत नाही: कोट्यात अनेक ठिकाणी डाउनलोड आणि अपलोड दोन्ही धरतात. ‘आम्ही तर काही डाउनलोडच केलं नाही’ असं म्हणणाऱ्यांचे जीबी बहुतेक वेळा अपलोडमधून गेलेले असतात.

जीबी जातात कुठे

माणसं शोधतात सिनेमे. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या आकड्यांनुसार एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि ४के ला ७ जीबीपर्यंत लागतात. रोज दोन तास ४के म्हणजे महिन्याला ४२० जीबी. एवढ्याने ३३०० चा कोटा संपत नाही. संपवतो तो टीव्ही, जो कुणी बघत नसताना चालू असतो. यूट्यूबवर मराठी बातम्यांचं चॅनल लाइव्ह लावून ठेवायची सवय बऱ्याच घरांत आहे: सकाळच्या चहाला लागतं, रात्रीच्या जेवणानंतर बंद होतं. ५ एमबीपीएसच्या दर्जाने ते तासाला सव्वादोन जीबी घेतं. दिवसाला बारा तास धरले तर महिन्याला ८१० जीबी, आणि घरात कुणालाही हा ‘वापर’ वाटत नाही. टीव्हीच्या यूट्यूबमध्ये गिअरच्या खुणेत जाऊन दर्जा ४८०पी करा. बातम्यांच्या पट्ट्या तेवढ्यात स्वच्छ वाचता येतात. ऑटोप्लेही बंद ठेवा.

दुसरा खादाड कॅमेरा. इथे दोन प्रकार नीट ओळखावे लागतात. डीव्हीआर किंवा एनव्हीआरवाले कॅमेरे घरातल्याच हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करतात. त्याला इंटरनेट लागत नाही. तुम्ही मोबाइलवर बाहेरून बघता तेवढ्यापुरताच अपलोड होतो. क्लाउडवर चोवीस तास रेकॉर्डिंग करणारा वायफाय कॅमेरा मात्र अखंड पाठवत असतो. २ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी, महिन्याला ६४८ जीबी पाठवतो. असे चार लावले तर २,५९२ जीबी झाले, आणि घरच्यांनी अजून मोबाइल हातात घेतलेला नाही.

उपाय कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमध्येच असतो. ‘कंटिन्युअस’ रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर ठेवा आणि क्लाउडवर फक्त हालचाल टिपल्यावरचे तुकडे जाऊ द्या. अंगणातलं झाड वाऱ्याने हलतं, रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे भिंतीवर फिरतात, त्यालाही कॅमेरा हालचालच समजतो. म्हणून फाटक आणि दरवाजा एवढीच चौकट निवडा. डीव्हीआर दुकानात आणि मालक घरी, मोबाइलवर चारही चौकटी दिवसभर उघड्या, असं असेल तर अ‍ॅपमध्ये ‘मेन स्ट्रीम’ऐवजी ‘सब स्ट्रीम’ (हलक्या दर्जाचं चित्र) लावा आणि सब स्ट्रीमचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा, ५१२ केबीपीएस ठेवा. चार कॅमेरे मिळून तासाला सुमारे ०.९ जीबी होतात. यंत्रात एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून बसवायची पद्धत) चा पर्याय असेल तर तो निवडून बिटरेट आणखी उतरवता येतो. नुसतं एच.२६५ निवडून बिटरेट तोच ठेवला तर चित्र सुधारेल, डेटा वाचणार नाही.

फोनचा बॅकअप हा तिसरा. आयफोनवर ४के, ३० फ्रेमचा एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण १७० एमबीचा होतो. तासाभराचं शूटिंग १० जीबीच्या घरात. लग्नाहून परतलेल्या चार जणांचे फोन रात्री चार्जिंगला लागले की चारही वर चढवायला लागतात. ते ठीकच आहे, फोटो जपायलाच हवेत. पण मोठी फाइल मध्येच तुटली की काही अ‍ॅप ती पहिल्यापासून पाठवतात, आणि दरवेळचे जीबी वेगळे मोजले जातात. एकच व्हिडिओ दिवसेंदिवस ‘अपलोडिंग’ दाखवत असेल तर तो हाताने बाजूला काढा.

टॉरेंट वापरणाऱ्यांनी सीडिंगचा, म्हणजे उतरवलेली फाइल इतरांना पाठवत राहण्याचा, विचार करावा. ५० जीबीची फाइल उतरवली आणि प्रोग्राम तसाच उघडा राहिला तर पुढच्या आठवड्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट अपलोड होऊ शकतो. क्यूबिटटॉरेंटमध्ये सीडिंगचं गुणोत्तर १ वर आल्यावर थांबण्याची सोय आहे, ती चालू करा. विंडोजही स्वतःचे अपडेट अनोळखी संगणकांना वाटू शकतं: सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन. तिथे इंटरनेटवरच्या संगणकांचा पर्याय निवडलेला असेल तर फक्त घरातल्या नेटवर्कपुरता ठेवा. गेमिंगमध्ये खेळताना फारसं जात नाही. १०० जीबीच्या पुढचा गेम ‘जागा नाही’ म्हणून काढायचा आणि पुढच्या शनिवारी पुन्हा उतरवायचा, यात जातं. एक हार्ड डिस्क घेतलेली परवडते.

राहिला शेजारी. पाहुण्याला दिलेला पासवर्ड पाहुण्याच्या फोनमधून कुठे जातो ते सांगता येत नाही. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी बघा, पण घाईने कुणावर आळ घेऊ नका: हल्लीचे फोन दर वायफायला वेगळा, बनावट मॅक पत्ता (उपकरणाची ओळख) देतात, त्यामुळे एकच फोन २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या दोन नावांवर दोनदा दिसू शकतो. शंका असेल तर पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्डशिवाय बटणाने जोडायची सोय) बंद करा आणि पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवा.

मोजायचं कसं

मायजिओ, एअरटेल थँक्स, बीएसएनएलचं सेल्फकेअर, केबलवाल्याचं ग्राहक पोर्टल, सगळीकडे वापराचा आकडा दिसतो. तो बघाच; पण तो कंपनीने मोजलेला आहे. वाद झाला तर तुमच्याकडे तुमचा आकडा हवा, आणि तो राउटरमधून मिळतो.

राउटरचं पान उघडायला ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका, जिओच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.२९.१ आहे. (आकडे इंग्रजीत टाइप करायचे, देवनागरीतले चालणार नाहीत.) ‘स्टॅटिस्टिक्स’ किंवा ‘ट्रॅफिक’ असं पान शोधा आणि त्यात डब्ल्यूएएन म्हणजे बाहेरच्या बाजूचे आकडे वाचा. वायफायच्या ओळीतले आकडे धरू नका. घरातल्या लॅपटॉपवरून टीव्हीवर पाठवलेला सिनेमा वायफायच्या मीटरमध्ये येतो, कंपनीच्या नाही.

या मीटरमध्ये दोन खोड्या आहेत. राउटर बंद झाला की आकडा शून्यावर जातो, आणि दिवसाला दोनदा वीज जाणाऱ्या गावात महिन्याची बेरीज कधी जुळतच नाही. दुसरी खोडी जास्त फसवी: जुन्या राउटरचा काउंटर ३२ बिटचा असतो, तो ४.२९ जीबीला भरतो आणि गुपचूप पुन्हा शून्यापासून चालतो. दिवसभर टीव्ही चालूनही राउटर ‘२.१ जीबी’ दाखवत असेल तर हेच झालंय. तो आकडा कामाचा नाही.

पक्कं काम करायचं तर कंपनीच्या ओएनटीमागे (फायबरची वायर ज्यात शिरते तो डबा) स्वतःचा राउटर लावा, ओएनटीचं वायफाय बंद करा आणि सेट-टॉप बॉक्ससकट प्रत्येक उपकरण स्वतःच्या राउटरवर घ्या. ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत राउटर-सॉफ्टवेअर चालणारा राउटर असेल तर ‘व्हीएनस्टॅट’ महिन्याचा हिशेब ठेवतो आणि ‘एनएलबीडब्ल्यूमॉन’ कुठल्या उपकरणाने किती घेतलं ते वेगळं दाखवतो. व्हीएनस्टॅटची नोंद पेनड्राइव्हवर ठेवा. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये ती मुळात तात्पुरत्या स्मृतीत असते, म्हणजे वीज गेली की पुन्हा पाटी कोरी.

एवढा खटाटोप नको असेल तर निदान उपकरणं तपासा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, डेटा युसेज इथे ३० दिवसांचा अ‍ॅपवार हिशेब मिळतो. अँड्रॉइडवर वायफायचा वापर वेगळा दिसतो. आयफोन अ‍ॅपवार आकडा फक्त मोबाइल डेटाचा देतो, वायफायचा नाही, तिथे वेळ घालवू नका.

आता कंपनीचा मीटर खरा आहे का, ते एका रात्रीत तपासता येतं. रात्री घरातली बाकीची सगळी उपकरणं वायफायवरून काढा, कॅमेऱ्याचा प्लगसुद्धा. एक लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. पोर्टलवरचा आकडा वेळेसकट टिपून ठेवा, स्क्रीनशॉट काढा. मग ठाऊक असलेल्या आकाराची एक मोठी फाइल उतरवा. उबंटूची आयएसओ साधारण ६ जीबीची असते, ती चांगली. फाइल उतरल्यावर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन बाइटमधला पूर्ण आकडा घ्या. विंडोजचा ‘जीबी’ १०२४ च्या हिशेबाचा असतो, म्हणून ६.२ अब्ज बाइटची फाइल तो ५.८ जीबी सांगतो. तासाभराने, आणि पोर्टल उशिरा बदलत असेल तर सकाळी, कोणतंही उपकरण जोडण्याआधी आकडा पुन्हा बघा.

फरक फाइलपेक्षा थोडा जास्त येणारच. डेटा छोट्या छोट्या पाकिटांतून (पॅकेट) जातो आणि प्रत्येक पाकिटावर पत्त्याचा मजकूर असतो, त्याचे तीनएक टक्के. मिळाल्याच्या पोचपावत्या उलट दिशेने जातात, त्यांचा एक-दीड टक्का. ६ अब्ज बाइटच्या फाइलला ६.२ ते ६.३ जीबी दिसले तर मीटर सरळ आहे. पोर्टल १०२४ च्या हिशेबाने दाखवत असेल तर हाच आकडा ५.८ च्या आसपास येईल. यातून एक फायद्याची गोष्टही कळते: त्या हिशेबाचे ३३०० म्हणजे साध्या हिशेबाचे साडेतीन हजारांहून जास्त. सातच्या पुढे आकडा गेला तर मात्र चाचणी दुसऱ्या रात्री पुन्हा करा, आणि तसंच आलं तर कागद जमवायला लागा.

पोर्टलवर ‘सेशन’चा तक्ता मिळत असेल तर तो उतरवून घ्या: कधी जोडलं, कधी तुटलं, किती गेलं, किती आलं. त्यात ‘इनपुट’ आणि ‘आउटपुट’ कंपनीच्या बाजूने लिहिलेले असू शकतात. तुम्ही पाठवलं ते तिच्यासाठी आत आलं, म्हणजे ‘इनपुट’ हा तुमचा अपलोड. हे न कळल्याने ‘आम्ही एवढा अपलोड केलाच नाही’ अशा तक्रारी रोज होतात. मात्र रकाने बरोबर वाचूनही अपलोड जास्त निघाला तर वर सांगितलेले कॅमेरे आणि बॅकअप तपासा.

वेग पडलाय, पण कोट्यामुळेच का?

केबल लावून स्पीड टेस्ट घ्या, एकदा रात्री नऊला आणि एकदा पहाटे पाचला. कोटा संपलेला असेल तर दोन्ही वेळी आकडा छताला टेकल्यासारखा येतो: ०.९५, ०.९७, ०.९६. एवढी शिस्त बिघाडात नसते. रात्री ८ एमबीपीएस आणि पहाटे ९५ एमबीपीएस आले तर ती गर्दी आहे, कोटा नाही. केबलवर पूर्ण वेग आणि बेडरूममध्ये ३ असेल तर वायफायचा प्रश्न. ओएनटीवर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकत असेल, किंवा त्याच्या पानावर आरएक्स पॉवर (येणाऱ्या प्रकाशाची ताकद) उणे २७ डीबीएमच्या खाली गेली असेल, तर फायबर कुठेतरी मुडपलीय किंवा उंदराने कुरतडलीय, लाइनमनला बोलवा.

कोट्याचं नवं महिन्याचं चक्र सुरू होऊनही वेग परत न येणं हा नेहमीचा घोळ. वेग ठरवणारा आदेश तुमच्या चालू सेशनला लागलेला असतो. चक्र पालटल्यावर यंत्रणेने तो बदलायला हवा; काही ठिकाणी बदल नव्या सेशनलाच लागतो. ओएनटी आणि राउटर दोन्ही पाच मिनिटं पूर्ण बंद ठेवून चालू करा. दहा सेकंदांत परत लावलं तर जुनं सेशन यंत्रणेत जिवंतच असतं. तरीही फरक नसेल तर कस्टमर केअरला ‘नेट स्लो आहे’ असं सांगू नका, त्यावर राउटर रीस्टार्टचीच टेप वाजते. ‘चक्र पालटलं आहे, एफयूपीनंतरचं प्रोफाइल निघालेलं नाही, सेशन रिफ्रेश करा’ असं सांगा.

चक्र कधी पालटतं हेही बघून ठेवा. काहींचं दर महिन्याच्या १ तारखेला, काहींचं रिचार्जच्या तारखेपासून. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले तरी कोटा बहुधा महिन्याचाच असतो, उरलेला पुढे जात नाही.

व्हीपीएन लावून, डीएनएस बदलून किंवा राउटरचा मॅक पत्ता बदलून कोटा चुकवता येतो, अशा व्हिडिओंवर वेळ दवडू नका. मोजणी कंपनीच्या टोकाला, तुमच्या खात्यावर होते. पाकिटात काय आहे याच्याशी तिला कर्तव्य नाही. व्हीपीएनने उलट प्रत्येक पाकिटाला वरचं वेष्टण चढतं आणि डेटा थोडा जास्तच जातो.

१ एमबीपीएसवर महिना काढताना

वाटतं तेवढं हे हलाखीचं नाही. १ एमबीपीएस म्हणजे दिवसाला १०.८ जीबी, सहा दिवसांत जवळपास ६५ जीबी. यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅप कॉल, मेल, एका पडद्यावर ३६०पी व्हिडिओ सहज चालतो. सगळं अडकतं ते एका फोनच्या बॅकअपने अरुंद रस्ता अडवल्यामुळे. म्हणून पहिलं काम: सगळ्या फोनचे फोटो बॅकअप, वनड्राइव्ह, गेमचे अपडेट, कॅमेऱ्याचा क्लाउड थांबवा. विंडोजमध्ये वायफायच्या गुणधर्मांत ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा.

दुसरं, राउटरमध्ये क्यूओएस (कुठल्या डेटाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवणारी सोय) असेल तर एकूण वेग ९०० केबीपीएस भरा, १००० नाही. थोडा कमी भरला की रांग तुमच्या राउटरमध्ये लागते आणि तो ती शहाणपणाने लावू शकतो. पूर्ण भरला तर रांग कंपनीच्या टोकाला लागते, पिंग (डेटा जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) १० मिलिसेकंदांवरून कित्येकशे मिलिसेकंदांवर जातो आणि मीटिंगमध्ये आवाज तुटायला लागतो. ओपनडब्ल्यूआरटीत हे काम एसक्यूएम नावाची सोय करते. चक्र पालटलं की ही मर्यादा काढायला विसरू नका. नाहीतर ‘नवीन महिन्यातही स्लो’ असा फोन तुमच्याच सेटिंगमुळे जाईल.

मोबाइलच्या ‘अनलिमिटेड ५जी’चा हॉटस्पॉट लावून घर चालवण्याआधी तिथलीही चांदणी वाचा.

तक्रार करायची तर

ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरण) ३१ ऑक्टोबर २०१६ च्या निर्देशानुसार कंपनीने वेबसाइटवर आणि जाहिरातीत तीन गोष्टी सांगायच्या असतात: कोटा किती, कोट्यापर्यंतचा वेग किती, कोट्यानंतरचा किती. वापर ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर पोचला की ग्राहकाला सूचना द्यायची असते. तारेच्या ब्रॉडबँडचा वेग कोट्यानंतरही ५१२ केबीपीएसच्या खाली न्यायचा नाही, हेही त्यातच आहे. पुढे जानेवारी २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने ब्रॉडबँडची व्याख्याच किमान २ एमबीपीएस अशी केली. सूचना आलीच नाही असं वाटलं तर आधी नोंदवलेला मोबाइल नंबर तपासा. जोडणी घेताना केबलवाल्याच्या पोराने स्वतःचाच नंबर टाकलेला असतो, हे अगदी नेहमीचं आहे.

कस्टमर केअरला तक्रार करा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं, त्याला फी नाही. सोबत चाचणीचे दोन स्क्रीनशॉट, सेशनचा तक्ता आणि प्लॅनची त्या दिवशीची जाहिरात जोडा. वेबसाइटवरचं पान बदलतं, म्हणून जोडणी घेतानाच त्याची पीडीएफ करून ठेवावी. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिकडे पत्रं पाठवून महिने जातात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फीही लागत नाही.

नवी जोडणी घेताना

दोन प्लॅन समोर असतील तर आधी कोट्यानंतरचा वेग बघा, मग कोटा, आणि सगळ्यात शेवटी जाहिरातीतला मोठा आकडा. चौघांच्या घराला, एक टीव्ही आणि दोघांचं घरून काम धरून, ५० एमबीपीएस, ३३०० जीबी आणि नंतर ४ एमबीपीएस हा प्लॅन ३०० एमबीपीएस, १००० जीबी आणि नंतर १ एमबीपीएस यापेक्षा जास्त सुखाचा.

गावातल्या केबलवाल्याकडून घेताना छापील काहीच मिळत नाही, ‘दादा, अनलिमिटेडच आहे’ एवढंच ऐकू येतं. त्याला विचारा: कोटा किती जीबी? अपलोड धरता का? संपल्यावर वेग किती, आणि अपलोडचा किती? चक्र कुठल्या तारखेला पालटतं? मध्येच मोठा प्लॅन घेतला तर कोटा नव्याने मिळतो की आधीचा वापर वजा होतो? टॉप-अप मिळतो का, केवढ्याला? वापर बघायला पोर्टलचं युजरनेम-पासवर्ड देणार का? हे प्रश्न फोनवर विचारू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. तो आवाजी मेसेज पाठवेल. ‘लिहून पाठव रे, घरी दाखवायचंय’ म्हणून पुन्हा मागा, आणि उत्तर आल्यावरच वर्षाचे पैसे एकदम भरायचे की महिन्याचे, ते ठरवा.